स्कॅन छातीचा, गाठ थायरॉइडची

या वेळी टपालात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एकच तक्रार सगळ्यात जास्त दिसली, तपासायला गेलो एक आणि रिपोर्टमध्ये निघालं थायरॉइडचं भलतंच. म्हणून डायबेटिसचे प्रश्न पुढच्या अंकात, आज फक्त हेच घेतो. नावं नेहमीप्रमाणे गाळलीत आणि पत्रं जरा कापलीत, कारण काहींनी आजोबांच्या दम्यापासून सुरुवात केलीये (लिहा, मला वाचायला आवडतं, पण जागा पुरत नाही).

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आई ६२ वर्षांची आहे. खोकला जात नव्हता म्हणून छातीचा एचआरसीटी केला, फुप्फुसं स्वच्छ आली पण शेवटी एक ओळ आहे की थायरॉइडच्या डाव्या भागात ८ मिलिमीटरचा हायपोडेन्स नोड्युल दिसतोय, सोनोग्राफी करून पडताळावं. टीएसएच नॉर्मल आहे. नेटवर बघितलं तर सगळीकडे कॅन्सर कॅन्सर. आई जेवत नाहीये नीट. काय करू? (नाशिक)

उत्तर : आधी आईंना जेवायला बसवा, मग पुढचं वाचा. छातीचा सीटी मानेच्या तळापासून सुरू होतो त्यामुळे थायरॉइडचा खालचा भाग आपोआप त्यात येतो, आणि रेडिऑलॉजिस्टला जे दिसलं ते लिहावंच लागतं, नाही लिहिलं तर उद्या तुम्हीच विचाराल की दिसत होतं तर सांगितलं का नाही. हायपोडेन्स म्हणजे आजूबाजूपेक्षा काळपट दिसणारा ठिपका, एवढंच. त्यात चांगलं-वाईट काही नाही. गाठ आहे हे सीटीला कळतं, ती कशी आहे हे कळत नाही, ते सोनोग्राफीतच कळतं. महागडा स्कॅन हरतो आणि साधी सोनोग्राफी जिंकते असा हा अवयव आहे.

कोविडच्या दोन वर्षांत आपल्याकडे घरोघरी एचआरसीटी झाले, जो तो स्कोअर किती स्कोअर किती विचारत होता, आणि स्कोअरच्या खाली ही अशी थायरॉइडची ओळ घेऊन कितीतरी लोक आमच्याकडे आले. कोविड विसरून गाठीच्याच काळजीत पडलेले.

किती जणांना असतं हे? हाताने चाचपलं तर शंभरातल्या ४ ते ७ मोठ्या माणसांत गाठ लागते, मानेच्या सीटी-एमआरआयमध्ये साधारण १६ जणांत दिसते, आणि चांगल्या मशीनवर सोनोग्राफी केली तर वेगवेगळ्या अभ्यासांत १९ पासून थेट ६८ पर्यंत आकडे आलेत. बायकांमध्ये जास्त, वयाबरोबर अजून जास्त. म्हणजे आईंच्या भिशीतल्या सगळ्याजणींची सोनोग्राफी केली आणि निम्म्यांत काहीतरी निघालं तर मला नवल वाटणार नाही.

आता नियम सांगतो, तो लक्षात ठेवला की अर्धी पत्रं मला लिहावी लागणार नाहीत. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने २०१५ मध्ये सीटी-एमआरआयमध्ये सहज सापडलेल्या गाठींसाठी एक सोपी रेष आखून दिली. वय ३५ किंवा जास्त असेल तर गाठ दीड सेंटिमीटर किंवा मोठी असली तरच सोनोग्राफी, ३५ च्या आत असाल तर एक सेंटिमीटरपासून. त्याखाली काहीच करायचं नाही, पण काही अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे. मानेत संशयास्पद अवधाण (सुजलेली लसिका ग्रंथी) दिसत असेल, गाठ थायरॉइडच्या बाहेर घुसलेली दिसत असेल, किंवा गाठ पेट स्कॅनमध्ये (किरणोत्सारी साखर टोचून कुठल्या पेशी ती जास्त ओढतात ते बघणारा स्कॅन) चमकली असेल, तर आकार कितीही असो, सोनोग्राफी करायचीच. लहानपणी मानेला रेडिएशन दिलेलं असेल किंवा घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर झाला असेल तर तेही डॉक्टरांना आपणहून सांगायचं, स्कॅन काढणाऱ्याला ते माहीत नसतं.

तुमच्या आईंची गाठ ८ मिलिमीटर, वय ६२, बाकी काही नाही. या नियमाने त्यांना सोनोग्राफीचीही गरज नाही. तरी जेवण जात नसेल तर एकदा करून टाका, मी अडवणार नाही, पण एकदाच, आणि पुन्हा सीटी तर अजिबात नको. टीएसएचबद्दल एक गोष्ट, आपल्याकडे ‘मला थायरॉइड आहे’ म्हणजे टीएसएच वाढलाय असा अर्थ झालाय त्यामुळे सगळा गोंधळ होतो. थायरॉइड काम कसं करतोय हे टीएसएच सांगतो, त्यात गाठ आहे का हे सांगत नाही. गाठी असलेल्या बहुतेकांचा टीएसएच नॉर्मलच असतो.

आणि सीटीच्या रेडिएशनने गाठ झाली का असं तुमच्या बहिणीने विचारलंय, नाही हो, गाठ आधीपासून होती, सीटीने फक्त दाखवली.

प्रश्न : वय ४१, शिक्षिका. मान दुखते म्हणून एमआरआय केला त्यात थायरॉइडची गाठ आली, मग सोनोग्राफी केली. रिपोर्ट : उजव्या भागात १.८ बाय १.१ सेंटिमीटरची भरीव गाठ, आयसोएकोइक, कडा गुळगुळीत, उंचीपेक्षा रुंदी जास्त, कॅल्सिफिकेशन नाही, टायरॅड्स ३. एक डॉक्टर म्हणतात सुई टाकून तपासू, दुसरे म्हणतात वर्षाने या. कुणाचं ऐकू? (पुणे)

उत्तर : तुम्ही शिक्षिका आहात तर पेपर तुम्हीच तपासा, टायरॅड्स म्हणजे सोनोग्राफीत गाठ किती संशयाची दिसते त्याचे मार्कच असतात, फक्त इथे जितके कमी तितकं चांगलं. गाठ भरीव म्हणून २. आयसोएकोइक म्हणजे बाजूच्या थायरॉइडसारख्याच रंगाची म्हणून १. रुंद आहे, उभी नाही, शून्य. कडा गुळगुळीत, शून्य. बारीक पांढरे ठिपके नाहीत, शून्य. झाले ३, म्हणून तुमचा वर्ग तिसरा. गाठ रुंदीपेक्षा उंच असती तर ३ मार्क वाढले असते, बारीक पांढरे ठिपके असते तरी अजून ३, गाठ गडद काळी किंवा कडा वेड्यावाकड्या असत्या तरी वाढले असते. ४ ते ६ मार्क म्हणजे चौथा वर्ग, ७ किंवा जास्त म्हणजे पाचवा. पाण्याची गाठ किंवा स्पंजसारखी जाळीदार गाठ म्हणजे पहिला वर्ग, तिला कितीही मोठी असली तरी कॅन्सरच्या शंकेने सुई लावायची गरज नसते.

सुई कधी? तिसऱ्या वर्गात अडीच सेंटिमीटरपासून, चौथ्यात दीडपासून, पाचव्यात एकपासून. हे २०१७ चे अमेरिकन आकडे आहेत, युरोप आणि कोरियाच्या याद्या थोड्या वेगळ्या आहेत, म्हणून कधीकधी दोन डॉक्टरांचं दोन सांगणं होतं, दोघांपैकी कुणी लबाड असतो असं नाही. तिसऱ्या वर्गात कॅन्सर निघण्याची शक्यता शंभरात ५ च्या आसपास. तुमची गाठ १.८, म्हणजे सुईच्या खाली पण नजर ठेवण्याच्या वर (ती रेष दीडची). म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचं ऐका. वर्षाने, मग तिसऱ्या वर्षी, मग पाचव्या वर्षी सोनोग्राफी, शक्यतो त्याच सेंटरला आणि जुना रिपोर्ट हातात घेऊन, कारण एकाच गाठीला दोघांनी मोजलं तरी एक-दोन मिलिमीटरचा फरक येतो आणि लोक गाठ वाढली म्हणून घाबरतात. वाढली असं आम्ही तेव्हाच म्हणतो जेव्हा निदान दोन मापं २० टक्क्यांनी आणि कमीत कमी २ मिलिमीटरने वाढलेली असतात. १.८ चं १.९ झालं म्हणजे काही झालं नाही.

मानदुखीचा या गाठीशी संबंध नाही. वह्या तपासताना मान खाली घालून बसता का, ते बघा.

प्रश्न : आमच्या सोसायटीत हेल्थ चेकअप कॅम्प येतोय, पॅकेजमध्ये थोडे पैसे भरून थायरॉइडची सोनोग्राफी पण आहे. मला काहीच त्रास नाही, पण लवकर कळलेलं बरं ना? कॅन्सर लवकर सापडला तर जीव वाचतो असं सगळेच म्हणतात. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : हा प्रश्न एका अख्ख्या देशाने विचारून झालाय आणि त्याचं उत्तर त्यांना चांगलंच महाग पडलं, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

दक्षिण कोरियात १९९९ मध्ये सरकारने कॅन्सर तपासणीचा मोठा कार्यक्रम सुरू केला. त्यात थायरॉइड नव्हताच. पण दवाखान्यांनी तेच केलं जे तुमच्या कॅम्पवाल्याने केलंय, आलाच आहात तर वर तीस ते पन्नास डॉलर भरा आणि मानेची सोनोग्राफी पण करून घ्या. लोकांनी केली, कारण स्वस्त होती, दुखत नव्हती, आणि लवकर कळलेलं बरं असं सगळ्यांना वाटत होतं. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. एका वर्षात ४०,००० च्या वर लोकांना कॅन्सर सांगितला गेला, तिथे तो स्त्रियांमधला पहिल्या नंबरचा कॅन्सर झाला. आता नीट बघा, लवकर सापडून जीव वाचत असते तर मृत्यू धडाधड कमी व्हायला हवे होते. ते वर्षाला ३०० ते ४०० होते आणि तेवढेच राहिले. मरणारे तेवढेच, कापले जाणारे हजारोंनी वाढले. जवळजवळ सगळ्यांचं ऑपरेशन झालं, दोन तृतीयांश लोकांचा पूर्ण थायरॉइड काढला, म्हणजे आयुष्यभर रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, शिवाय ऑपरेशन झालेल्या शंभरातल्या ११ जणांना कॅल्शियमचा त्रास लागला आणि २ जणांच्या आवाजाच्या नसेला इजा झाली. २०१४ मध्ये तिथल्याच आठ डॉक्टरांनी उघड पत्र काढून सांगितलं की त्रास नसलेल्यांची ही सोनोग्राफी थांबवा, पेपरात-टीव्हीवर गाजलं, आणि वर्षभरात ऑपरेशनं ३५ टक्क्यांनी खाली आली.

हे असं का होतं? थायरॉइडचा सगळ्यात कॉमन कॅन्सर, पॅपिलरी, त्याचे बारीक बारीक कण कितीतरी माणसं घेऊन फिरत असतात आणि ते न कळताच दुसऱ्याच कारणाने म्हातारपणी जातात. फिनलंडमध्ये १९८५ साली १०१ मृतांचे थायरॉइड अडीच मिलिमीटरच्या चकत्या करून तपासले, ३६ जणांत हा कॅन्सर निघाला, आणि यातलं कुणी त्याने गेलेलं नव्हतं. शोधायला बसलं की सापडणारच आहे. सापडलं की ‘आत कॅन्सर आहे पण राहू दे’ असं म्हणणं पेशंटला जमत नाही, घरच्यांना तर नाहीच, आणि खरं सांगायचं तर आम्हा डॉक्टरांनाही जड जातं.

२०१७ मध्ये अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने स्पष्ट लिहिलं की काही त्रास नसलेल्या मोठ्या माणसांची थायरॉइड कॅन्सरसाठी तपासणी करू नका. तुम्हीही ते पैसे वाचवा. बीपी, शुगर, आणि बायकांसाठी सर्व्हायकल तपासणी जरूर करा, त्याने खरंच जीव वाचतात. गळ्यात गाठ हाताला लागली, आवाज तीन आठवड्यांवर बसलेलाच राहिला, घास गिळताना अडकतोय, मानेत अवधाण राहिलंय, तर मात्र कॅम्पची वाट बघू नका.

प्रश्न : पत्नी ५४, ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झाले. आता पेट-सीटीमध्ये थायरॉइडच्या उजव्या भागात एकाच ठिकाणी जास्त अपटेक आलाय, ११ मिलिमीटर, एसयूव्ही ६.२. टेक्निशियन म्हणाला थायरॉइडला बऱ्याच जणांना येतं, सोडून द्या. सोडू का? (कोल्हापूर)

उत्तर : नाही. वरच्या सगळ्या पत्रांना मी शांत राहा म्हटलं, तुम्हाला म्हणतो की हे तपासून घ्या, घाबरून नाही पण या दोन-तीन आठवड्यांत.

टेक्निशियनचं निम्मं बरोबर आहे. पेटमध्ये पूर्ण थायरॉइड दोन्ही बाजूंनी सारखा चमकत असेल तर ती बहुतेक वेळा थायरॉइडायटिस, म्हणजे थायरॉइडची सूज असते, हाशिमोटो वगैरे, टीएसएच करायचा आणि गोळी लागत असेल तर द्यायची. पण एकाच ठिकाणी डाग चमकला तर हिशोब बदलतो. पेट केलेल्या शंभरात एखाद-दुसऱ्याला असा डाग येतो, आणि अशा डागांपैकी साधारण तिघांत एकाला थायरॉइडचा कॅन्सर निघतो. सीटीत दिसणाऱ्या साध्या गाठीला हा आकडा कधीच नसतो. एसयूव्हीच्या (डाग किती चमकला त्याच्या) आकड्यावर जाऊ नका, जास्त एसयूव्हीच्या गाठीही साध्या निघतात आणि कमीच्या कॅन्सरच्या.

म्हणून मानेची सोनोग्राफी, आणि गाठ एक सेंटिमीटरच्या वर असल्याने सोनोग्राफीत बघत एफएनएसी, म्हणजे सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं. बारीक सुई असते, रक्त काढताना टोचतात तेवढंच, पाच-दहा मिनिटांचं काम, भूल लागत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. बाईंना आधीच एका कॅन्सरचा इतिहास आहे हे सुई टाकणाऱ्याला आणि स्लाइड बघणाऱ्यालाही सांगायचं, कारण क्वचित दुसरीकडचा कॅन्सर थायरॉइडमध्ये येऊन बसतो, मग स्लाइड वेगळ्या नजरेने बघावी लागते.

आणि तिघांत एक म्हणजे तिघांत दोन साध्या निघतात, हेही त्यांना सांगा. निघालाच कॅन्सर तर तो बहुतेक पॅपिलरी असेल, ब्रेस्टच्या उपचारांपुढे तो थांबू शकतो, कुठलं आधी करायचं हे तुमचे ऑन्कोलॉजिस्ट ठरवतील. ब्रेस्टची गोळी किंवा ठरलेला डोस यासाठी स्वतःच्या मनाने पुढे ढकलू नका.

प्रश्न : गाठीची एफएनएसी केली, रिपोर्ट बेथेस्डा तीन. डॉक्टर म्हणाले कॅन्सर आहे असंही नाही आणि नाही असंही नाही. पाच हजार घालवून हेच ऐकायचं होतं का? वय ३५, गाठ २ सेंटिमीटर, टायरॅड्स ४. (नागपूर)

उत्तर : राग समजू शकतो. २००७ साली अमेरिकेत बेथेस्डा इथे जगभरचे पॅथॉलॉजिस्ट बसले आणि सहा खण ठरवले. एक म्हणजे पेशीच पुरेशा आल्या नाहीत, दोन साधी, सहा कॅन्सर, पाच जवळजवळ कॅन्सर, चार फॉलिक्युलर (साधी की कॅन्सरची हे नुसत्या सुईने ठरत नाही अशी गाठ), आणि तीन म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या दिसतात पण कशामुळे ते सांगता येत नाही. तिसऱ्या खणात कॅन्सर निघायची शक्यता शंभरात साधारण १० ते ३०. हॉस्पिटल बदललं, बघणारा बदलला की हा आकडा हलतो.

घाईने गळा कापून घेऊ नका. पहिलं, त्याच स्लाइड्स थायरॉइडच्या भरपूर स्लाइड्स बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घ्या, स्लाइड तुमच्या आहेत, मागितल्या की द्याव्या लागतात. दुसरं, काही आठवड्यांनी सुई पुन्हा, बऱ्याच जणांचं उत्तर दुसऱ्या वेळी दोनमध्ये येतं आणि विषय संपतो. तिसरं, पाश्चात्य देशांत मॉलिक्युलर टेस्ट (पेशींतले जनुकीय बदल बघणाऱ्या) रुळल्या आहेत, परवडत असेल तर डॉक्टरांना विचारा, नसेल परवडत तर त्याशिवायही निभावतं. दोनदा तीनच आलं आणि सोनोग्राफी संशयाची असेल तर अर्धा थायरॉइड काढून तपासणं हा सरळ मार्ग आहे. अर्धा. दोन्ही बाजू काढायला कुणी सांगत असेल तर का ते विचारा. अर्धा ठेवला तर बऱ्याच जणांना गोळीही लागत नाही.

त्याआधी टीएसएच बघितलाय का, लिहिलेलं नाही. टीएसएच कमी असेल तर आधी थायरॉइड स्कॅन (किरणोत्सारी औषध देऊन काढतात तो), गाठ गरम निघाली, म्हणजे तीच जास्त हार्मोन बनवतेय, तर ती कॅन्सरची जवळपास कधीच नसते आणि सुईचीच गरज नव्हती.

प्रश्न : मी न्यू जर्सीत, बाबा सांगलीत. वय ८१, हार्ट फेल्युअर, आता सीटीत थायरॉइडची १.२ सेंटिमीटरची गाठ. इथली माझी डॉक्टर मैत्रीण म्हणते काही करू नका, तिथे काका म्हणतात ऑपरेशन करून टाकू, पैशाची चिंता नको. मला इतक्या लांबून भांडताही येत नाही.

उत्तर : मैत्रीण बरोबर आहे. १.२ ही दीडच्या खाली आहेच, पण असती अडीच तरी मी हेच म्हटलं असतं. वय झालेल्या, हृदय थकलेल्या माणसात अशी गाठ शोधत जाऊ नये असं त्याच नियमावलीत लिहिलंय, कारण ही गाठ त्यांना त्रास देईपर्यंतचा काळ वर्षानुवर्षांचा असतो आणि भुलेचा धोका मात्र त्याच दिवशीचा असतो. काकांशी भांडू नका. त्यांना फोनवर एवढंच विचारा, काका, बाबांना या गाठीचा त्रास काय होतोय? श्वास लागतोय तो हृदयाचा आहे का गाठीचा, ते कार्डिओलॉजिस्टना विचारा. गाठ श्वासनलिका दाबत नसेल तर फाइल बंद. काकांचा जीव आहे भावावर, खर्च करायची तयारी आहे, तर त्या पैशांत बाबांसाठी दिवसभराची मदतनीस बाई ठेवता येते का बघा.

प्रश्न : वय ५८. डॉप्लर करताना दिसलेल्या ७ मिलिमीटरच्या गाठीची एफएनएसी झाली आणि पॅपिलरी कॅन्सर आला. सर्जन म्हणतात पुढच्या सोमवारी काढू. मुलगा म्हणतो जपानमध्ये काढत नाहीत. खरं का? (ठाणे)

उत्तर : मुलाने बरोबर वाचलंय. कोबे शहरात कुमा हॉस्पिटल आहे, थायरॉइडचंच, तिथे डॉ. अकिरा मियाउची यांनी १९९३ पासून एक सेंटिमीटरच्या आतल्या अशा कॅन्सरना ऑपरेशन न करता नजरेखाली ठेवायला सुरुवात केली. तेव्हा लोकांनी डोक्याला हात लावला असेल. त्यांनी २०१४ मध्ये १,२३५ पेशंटचा हिशोब मांडला, दहा वर्षांत शंभरात ८ जणांची गाठ ३ मिलिमीटरने वाढली, ४ पेक्षा कमी जणांत कॅन्सर मानेतल्या लसिका ग्रंथींत पसरला, ज्यांचा वाढला त्यांचं तेव्हा ऑपरेशन केलं, आणि या कॅन्सरने कुणी गेलं नाही. गंमत म्हणजे वय जास्त तितका हा कॅन्सर सुस्त, साठीच्या पुढचे सगळ्यात निवांत, चाळिशीच्या आतल्यांवर जास्त लक्ष ठेवावं लागतं.

खरं तर ७ मिलिमीटरला सुई लावायलाच नको होती, पण लागली, आता कळलंय ते न कळलेलं करता येत नाही. सोमवारची घाई नाही एवढं नक्की. सर्जनना विचारा की गाठ श्वासनलिकेला किंवा मागच्या आवाजाच्या नसेला चिकटलेली आहे का, मानेत अवधाण आहे का, आणि स्लाइडमध्ये आक्रमक प्रकार लिहिलाय का. तिन्हीचं उत्तर नाही असेल तर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि मग वर्षाला एकदा, हा मान्य झालेला मार्ग आहे. पण तो कुणासाठी? जो दर वर्षी न चुकता येईल आणि मधल्या काळात शांत झोपेल त्याच्यासाठी. तुम्ही रोज रात्री गळा चाचपत बसणार असाल तर अर्धा थायरॉइड काढून मोकळं होणं हाही शहाणपणाच आहे, त्यात हरल्यासारखं काही नाही. पूर्ण थायरॉइड काढणं आणि वर रेडिओआयोडीन (किरणोत्सारी आयोडीनचा डोस) मात्र इतक्या लहान गाठीला नको.

आता उरलेली भराभर.

मुलगी १६, स्कूटीवरून पडली, मानेच्या एमआरआयमध्ये ९ मिलिमीटरची गाठ (जळगाव) : एक-दीड सेंटिमीटरचा नियम मुलांना लागू नाही. मोठ्या माणसांच्या गाठींत कॅन्सर शंभरात ७ ते १५, मुलांत २२ ते २६. सोनोग्राफी करा, याच महिन्यात, आणि मुलांचं बघणाऱ्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे.

सैंधव सुरू केलं तर गाठ विरघळेल का (रत्नागिरी) : नाही. उलट सैंधवात बहुतेक वेळा आयोडीन घातलेलं नसतं, आणि आयोडीन कमी पडलं की थायरॉइड वाढतो, त्यासाठीच आपल्याकडे १९६२ पासून गलगंडाविरुद्ध सरकारी कार्यक्रम चालू आहे. उपवासाला खा हवं तर, रोजच्या भाजीत आयोडीनचंच. कोबी-फ्लॉवर शिजवून बिनधास्त खा.

गाठ लहान व्हावी म्हणून थायरॉक्सिन (थायरॉइडच्या हार्मोनची गोळी) चालू केलंय, टीएसएच मुळात नॉर्मल होता (लातूर) : ही जुनी पद्धत आहे, आता सांगत नाहीत, फायदा थोडा आणि हृदयाची धडधड नि हाडांची झीज फुकटात. डॉक्टरांना भेटून बंद करायचं विचारा.

पाचवा महिना, गाठ सापडली (बेळगाव) : सोनोग्राफी चालते, लागली तर सुईपण चालते. रेडिओआयोडीन किंवा थायरॉइड स्कॅन अजिबात नाही. निघालंच काही तर ते बहुतेक वेळा बाळंतपणानंतर बघता येतं.

आजीच्या एक्स-रेत श्वासनलिका एका बाजूला सरकलेली, झोपल्यावर दम लागतो (यवतमाळ) : जुना गलगंड छातीत उतरलेला असू शकतो. इथे सोनोग्राफीला हाडाआड दिसत नाही, सीटीच लागतो, कॉन्ट्रास्टशिवाय (शिरेतून टोचतात ते आयोडीनचं औषध न देता) काढला तरी श्वासनलिका किती दबलीये ते कळतं. पण सीटीच्या आधी टीएसएच करून घ्या. कॉन्ट्रास्टच्या एका बाटलीत ३० ग्रॅमच्या वर आयोडीन असतं आणि माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, जुन्या गाठाळ थायरॉइडला एवढं आयोडीन मिळालं की काही म्हाताऱ्या माणसांत पुढच्या काही आठवड्यांत थायरॉइड सुसाट सुटतो, वजन उतरतं, नाडी बिघडते. टीएसएच आधीच कमी आला तर कॉन्ट्रास्ट नकोच म्हणून सांगा. आणि दिलाच असेल तर रेडिओआयोडीन स्कॅन निदान महिना-दोन महिने पुढे ढकलावा लागेल, त्याआधी काढला तर त्यात काही दिसणार नाही आणि पैसे वाया जातील.